गाडीमालक भला माणूस आहे, मग दावा कसा करायचा?

प्रश्न : आम्ही संगमनेर तालुक्यात राहतो. माझे यजमान ३८ वर्षांचे असून ते तारतंत्री आहेत. घरांच्या वायरिंगची आणि शेतीपंपांची कामे ते स्वतंत्रपणे घेतात. तीन महिने दहा दिवसांपूर्वी पुणे-नाशिक महामार्गावर आळेफाट्याच्या अलीकडे समोरून येणारी एक कार दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून ढाब्याकडे जाण्यासाठी अचानक उजवीकडे वळली आणि यजमानांच्या दुचाकीला धडकली. उजव्या पायाच्या नडगीत रॉड घालावा लागला आणि डावे मनगटही मोडले. कारमालकांनी स्वतः त्यांना दवाखान्यात नेले आणि ३५,००० रुपये फोनवरून दवाखान्याच्या खात्यात भरले. पोलिसांची कटकट नको, अशी त्यांनी विनंती केल्यामुळे माझ्या दिरांनी केसपेपरवर ‘दुचाकी घसरून पडले’ असे लिहवून घेतले. एकूण खर्च १,९०,००० रुपये झाला. त्यातले १,१०,००० आमच्या आरोग्य विम्यातून मिळाले. यजमान अजून काठीशिवाय चालू शकत नाहीत. आता कारमालक १,५०,००० रुपये द्यायला तयार आहेत, पण त्यासाठी मुद्रांक कागदावर ‘अपघात माझ्याच चुकीने झाला, यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ अशी यजमानांची सही त्यांना हवी आहे. शेजारी सांगतात की दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, घाई करू नका. यजमानांचा वाहनपरवाना अपघाताच्या दोन महिने आधीच संपला होता, याचीही भीती वाटते. ज्या माणसाने आम्हाला वाऱ्यावर सोडले नाही, त्याला कोर्टात ओढणे मनाला पटत नाही. काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी एवढेच सांगते की त्या कागदावर यजमानांनी सही करू नये. आज नाही, पैसे हातात पडल्यावर नाही, आणि ‘ही फक्त आपसातली पावती आहे’ असे कोणी सांगितले तरीही नाही. त्या कागदातले ‘यापुढे मागणी नाही’ हे वाक्य घातक आहेच, पण त्याहून घातक आहे ते ‘माझ्याच चुकीने’ हे पहिले वाक्य. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खालील दाव्याचा पायाच मुळी समोरच्या वाहनचालकाच्या निष्काळजीपणावर उभा असतो. जखमी माणसाने आपल्या हाताने दोष पत्करल्याचा कागद विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती पडला, तर तो मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणासमोर येणारच, आणि मग जे घडलेच नाही ते का लिहून दिले, याचा खुलासा यजमानांना उलटतपासणीत करावा लागेल.

तुमच्या मनातली अडचण मात्र मला मोलाची वाटते आणि तिचे उत्तर कायद्याच्या आधी द्यावेसे वाटते. अपघात करून पळून जाणारे पुष्कळ असतात. हे गृहस्थ थांबले, जखमीला उचलून दवाखान्यात घेऊन गेले, पदरचे पैसे भरले, आणि त्याबद्दल तुम्हाला वाटणारी कृतज्ञता योग्यच आहे. परंतु दावा लावणे म्हणजे त्यांच्यावर सूड उगवणे, ही समजूत मनातून काढून टाका. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे, आणि तो नेमका अशाच दिवसासाठी असतो. त्यांची पॉलिसी चालू असेल, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा कंपनी देते. त्यांच्या घरातून ती रक्कम जात नाही. उलट आज ते जे दीड लाख रुपये देऊ पाहत आहेत, ते त्यांच्या खिशातून जाणार आहेत. त्यांच्यावर गुन्हा नोंदला जाईल आणि त्याचा त्यांना त्रास होईल, हे मी नाकारत नाही. पण कलम १३४ प्रमाणे अपघाताची खबर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे ही चालकाचीच जबाबदारी होती. तुम्ही आता जे करणार आहात, ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

आता मुदतीविषयी. तीन वर्षांची गोष्ट चुकीची आहे, आणि या एका गैरसमजापायी अनेक घरांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर बराच काळ या दाव्यांना मुदतच नव्हती, त्यामुळे ‘केव्हाही करता येतो’ हे लोकांच्या डोक्यात बसले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये पुन्हा मुदत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करणे आवश्यक झाले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर निर्णय होईपर्यंत केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला आहे. मात्र अंतरिम आदेश हा अंतिम निकाल नव्हे; त्याच्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात अजून अडीच महिन्यांहून थोडे अधिक दिवस आहेत. दावा त्याच काळात दाखल झाला पाहिजे, उपचार पूर्ण झालेले नसले तरी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि पुढची बिले मागाहून जोडता येतात.

दावा कोठे करायचा, याची काळजी नको. अपघात पुणे जिल्ह्यात झाला म्हणून दर तारखेला तिकडे जाण्याची गरज नाही. अर्जदार राहतो त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो.

तुमच्या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग आहे तो केसपेपरवरचा ‘दुचाकी घसरून पडले’ हा शेरा. दवाखान्यात दाखल करताना नातेवाईक घाबरलेले असतात आणि कोणी आर्जव केले की पटकन तसे सांगून मोकळे होतात. पुढे विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागवते आणि कारचा या दुखापतीशी संबंधच नव्हता, असा पवित्रा घेते. यावर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे खरे काय घडले ते, उशिरा का होईना, जसेच्या तसे सांगणे. डॉक्टरांकडे जाऊन तो शेरा बदलून द्या असे कृपा करून म्हणू नका; खाडाखोड केलेला केसपेपर हा मूळ चुकीच्या शेऱ्यापेक्षा दसपट वाईट पुरावा ठरतो. पोलिसांकडे फिर्याद देताना त्यातच स्पष्ट लिहा की कोणी, कोणाच्या विनंतीवरून, कोणत्या परिस्थितीत तसे सांगितले. तुमच्या दिरांनी स्वतः तसा जबाब द्यावा. त्यांना ओशाळे वाटेल, पण तो जबाब या दाव्याचा कणा ठरू शकतो.

फिर्याद द्यायला उशीर झाला, एवढ्यावरून दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघातानंतर माणूस आधी जखमीच्या जिवाकडे पाहतो, पोलीस ठाण्याकडे नाही. उशिराचे कारण विश्वासार्ह असेल तर केवळ त्यामुळे दावा नाकारता येत नाही. शिवाय न्यायाधिकरणासमोर फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता अधिक, हे पाहिले जाते. मात्र त्यासाठी पारड्यात टाकायला काहीतरी हवे, आणि तुमच्याकडे ते आहे. कारमालकांच्या फोनवरून दवाखान्याच्या खात्यात गेलेले ३५,००० रुपये हा तुमचा फार मोठा पुरावा आहे, कारण घसरून पडलेल्या अनोळखी माणसाचे बिल त्याच दिवशी कोणी भरत नाही. दवाखान्याकडून त्या रकमेची पावती आणि भरणाऱ्याचे नाव असलेला खात्याचा उतारा लेखी अर्ज करून मिळवा. त्यांच्याशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे पुसू नका. तो फोन विकू नका, दुरुस्तीला देऊन त्यातली माहिती घालवू नका. नुसत्या छापील प्रती पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, ते वकील तयार करून घेतील. त्या मुद्रांक कागदाचा मसुदाही जपून ठेवा. सही नसलेला तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

ढाब्यावर ज्यांनी अपघात पाहिला असेल त्या माणसांना भेटायला घरातील कोणीतरी याच आठवड्यात जावे. तीन महिन्यांनंतर तिथल्या कॅमेऱ्याचे चित्रण शिल्लक असण्याची आशा थोडी आहे, तरी विचारायला हवे. माणसांची आठवण मात्र अजून ताजी असेल. त्यांना काय बोलायचे ते शिकवू नका, फक्त पोलिसांना जे पाहिले ते सांगाल का, एवढेच विचारा. दुचाकी अजून दुरुस्त केली नसेल तर तशीच राहू द्या. पोलिसांचा पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत तिचा वाकलेला पुढचा भाग हाच धडक कशी झाली हे सांगणारा साक्षीदार आहे. सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवा, नोंदणी क्रमांक त्यात दिसला पाहिजे.

फिर्याद आळेफाट्यालाच द्यायला हवी असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात खबर नोंदवता येते आणि ती पुढे संबंधित ठाण्याकडे जाते. नोंद घेण्यास नकार मिळालाच, तर त्याच कलमाखाली जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवता येतो. तो रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. गुन्हा नोंदला गेला की २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि पोलिसांचा असा अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनही धरता येतो. ही व्यवस्था चांगली आहे. तरीही तुमच्या बाबतीत दिवस मोजके आहेत, म्हणून पोलिसांच्या अहवालाची वाट न पाहता स्वतःचा अर्ज वेगळा दाखल करा.

परवाना संपल्याच्या भीतीविषयी. जखमीजवळ वैध परवाना नव्हता एवढ्यावरून अपघातात त्याचाही दोष होता असे धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. प्रश्न असतो तो त्या क्षणी वाहन कोण निष्काळजीपणे चालवत होता हा. त्यामुळे ही गोष्ट लपवू नका. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता रकमेकडे वळते, कारण दीड लाख ही रक्कम तुम्हाला मोठी वाटते आहे आणि तसे वाटणे मी समजू शकते. घरात तीन महिने कमाई नाही, अशा वेळी रोख पैसा डोळ्यांसमोर असतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चालकाचा दोष सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी २,५०,००० रुपये ठरलेले आहेत, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येनुसार गंभीर दुखापतच आहे. म्हणजे कोणाचा दोष हे न पाहता मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षाही देऊ केलेली रक्कम कमी आहे. दोष सिद्ध करून कलम १६६ खाली मागितल्यास चित्र पुष्कळच वेगळे असते. तिथे औषधोपचाराचा खर्च, उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई, पुढे रॉड काढण्यासारख्या शस्त्रक्रियेचा खर्च, वेदना, आयुष्यातला गमावलेला आनंद यांबरोबरच कायमच्या अपंगत्वामुळे घटलेली कमाईची क्षमता मोजली जाते, आणि शेवटची बाबच सर्वांत मोठी असते.

ती कशी मोजतात हे नीट समजून घ्या. समजा यजमानांची मासिक कमाई १८,००० रुपये आहे असे न्यायाधिकरणाने मानले. वर्षाचे २,१६,००० होतात. स्वतःचा व्यवसाय असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसासाठी पुढील काळातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवतात. हा दर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये ठरवला, आणि जखमी माणसाच्या कायमच्या अपंगत्वालाही तो लागू होतो, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. रक्कम ३,०२,४०० झाली. ३६ ते ४० या वयासाठी गुणक १५ आहे, तेव्हा ४५,३६,००० होतात. कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे ठरले तर या एकाच बाबीखाली १३,६०,८०० रुपये येतात. २० टक्के धरली तर ९,०७,२००. हे आकडे तुम्हाला मिळतीलच असे मी सांगत नाही, ते पुराव्यावर अवलंबून आहे. पण दीड लाखाच्या सहीने काय सोडून दिले जाईल, ते यावरून कळेल.

या गणितातले दोन आकडे तुम्हालाच उभे करायचे आहेत. पहिला कमाईचा. यजमानांकडे पगारपत्रक नाही, आयकर विवरणपत्र भरलेले नसावे असे मी धरते. तरी बँकेचे आणि फोनवरून आलेल्या पैशांचे दोन-तीन वर्षांचे उतारे, आयटीआयचे प्रमाणपत्र, तारतंत्री म्हणून काम करण्याचा परवाना, बिलबुके, ज्या दुकानातून वायर आणि स्विच घेतले त्या दुकानाच्या पावत्या, ज्यांच्या घरी आणि शेतावर कामे केली त्यांच्यापैकी दोघांची साक्ष, हे सर्व चालते. अपघातानंतर घाईने जास्त उत्पन्नाची विवरणपत्रे भरा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तारीख पाहून न्यायाधीशांना सारे कळते. पुरावा काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरला जातो, आणि कुशल कारागिराचे त्यात नुकसान होते.

दुसरा आकडा अपंगत्वाचा, आणि येथे जाणते लोकही चुकतात. डॉक्टर प्रमाणपत्रात बहुधा त्या एका अवयवाची टक्केवारी लिहितात. न्यायालय विचारते ते वेगळे, की या माणसाच्या या व्यवसायात कमाईची क्षमता किती उणावली. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिले आहे की डावा हात गमावलेला माणूस सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपते, आणि तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. तारतंत्र्याला शिडीवर, खांबावर चढावे लागते, तोल सांभाळून दोन्ही हातांनी तार ओढावी लागते, पंपाच्या विहिरीवर उकिडवे बसावे लागते. पाय पूर्ण वाकत नसेल आणि मनगटात पकड उरली नसेल, तर त्यांचे नुकसान टेबलावर काम करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. हे न्यायाधिकरणाला आपोआप कळत नाही. उपचार स्थिरावल्यावर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या, शक्यतो ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांनी साक्षीला यावे असा प्रयत्न करा, आणि कोणती हालचाल किती अंशांत अडते हे त्यांच्या तोंडून नोंदले जाऊ द्या. तोपर्यंत एकही तपासणी किंवा फिजिओथेरपीची तारीख चुकवू नका. मधला खंड दिसला की विमा कंपनी म्हणते, दुखणे एवढे नव्हतेच. घरी रोज एक वही ठेवा. त्यात तारीख घालून त्या दिवशी काय करता आले नाही, कोणते काम परत पाठवावे लागले, दवाखान्यात जायला रिक्षाला किती दिले, हे दोन ओळींत लिहीत जा.

आरोग्य विम्यातून आलेले १,१०,००० भरपाईतून वजा होतील का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो उद्भवणार आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले आहे की मेडिक्लेमची रक्कम ही माणसाने स्वतः हप्ते भरून केलेल्या कराराची असल्याने ती वजा करता येत नाही. म्हणून पूर्ण १,९०,००० च्या बिलांच्या प्रती जोडा. कारमालकांनी भरलेले ३५,००० मात्र प्रामाणिकपणे दाखवा.

एक सापळा ठाऊक असू द्या. विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव घेऊन येईल. कलम १४९ खाली तशी रीतसर सोय आहे आणि प्रस्ताव न्यायाधिकरणासमोरच यावा लागतो. पण त्या वाटेने कलम १६४ ची ठरावीक रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ चा तुमचा दावा संपुष्टात येतो. लोकअदालतीत तडजोड करणे वाईट नाही, वेळ वाचतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती येण्याआधी तिथे बसू नका.

वकील निवडताना ‘मिळेल त्यातले अमुक टक्के’ अशी बोली करणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका; भरपाईची रक्कम यजमानांच्या स्वतःच्या बँक खात्यातच आली पाहिजे. फीची सोय नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा. महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

राहता राहिले ते कारमालक. त्यांच्यापासून लपवून काही करू नका, तसे केले तर तुमच्याच मनाला लागून राहील. पण भेटीची वेळ निवडताना फिर्यादीचा मसुदा तयार असू द्या, म्हणजे त्यांच्या आर्जवाने पुन्हा मागे फिरणे होणार नाही. त्यांना सांगा, “भाऊ, तुम्ही त्या दिवशी केलेले आम्ही विसरलेलो नाही. पण यांचा पाय पूर्वीसारखा होईल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. तुमच्या गाडीचा विमा आहे, आम्ही त्यातून मागतो आहोत. पॉलिसीची आणि आरसीची प्रत द्या, आणि तुम्हीही कंपनीला लेखी कळवा.” पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का, हे गाडीच्या क्रमांकावरून एमपरिवहन ॲपवरही पाहता येते, ते भेटीआधीच पाहून घ्या. ती बंद असेल, तर भरपाईची जबाबदारी थेट त्यांच्यावर येईल आणि त्यांची घाई कशासाठी आहे हेही तुम्हाला उमगेल. तसे निघाले तर मला आणि तुमच्या वकिलांना लगेच कळवा, कारण मग गाडीच्या जप्तीसाठी आणि त्यांच्याकडून तारण घेण्यासाठी वेगळा अर्ज लागलीच करावा लागेल.